ड्रॉवरचा तळ किती सुताचा? कोठीचं वजन आणि प्लायची जाडी

सोलापुरात 'सूत' म्हटलं की आधी चादर डोळ्यांपुढे येते. सुतारकामातलं सूत वेगळं. तिथं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. दोन सूत म्हणजे सहा मिमी, तीन सूत म्हणजे नऊ, चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात बारा. प्लायच्या दुकानात छापील जाडी मिमीत असते, मिस्त्री सुतात बोलतात आणि आपण दोन्हीला मान डोलावतो. गेल्या वर्षी मीही डोलावली.

फेब्रुवारीत मंगळवेढ्याकडची नवी ज्वारी घरात आली. निवडून, उन्हं दाखवून डबे भरले आणि नव्या किचनच्या सगळ्यांत खालच्या रुंद ड्रॉवरमध्ये ओळीने लावले. आठ दिवसांत ड्रॉवर ओढताना खालून खरखर ऐकू यायला लागली. महिन्याभरात मागच्या कोपऱ्यात तळ खाचेतून सुटला आणि एक डबा तिरका होऊन आत रुतून बसला. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, वजन लई टाकलंय तुम्ही." मी विचारलं, तळ किती जाडीचा आहे? "चार एमेम. तळाला तेवढाच असतंय की सगळीकडं. वजन बाजूवर येतंय, तळाला काय नसतंय."

चूक या शेवटच्या वाक्यात आहे. वजन बाजूंवर आणि चॅनलवर, म्हणजे ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांवर, येतं हे खरं, पण ते तिथवर पोचतं तळातूनच. डबा हवेत नसतो.

कोठीची खोली आता खणात

आधी वजनाचं बोलू, कारण जाडीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. पूर्वी घराला कोठीची खोली असायची आणि धान्य कणगीत, पोत्यात, जमिनीवर असायचं. आता ती खोली फ्लॅटमध्ये मावत नाही, म्हणून ओट्याखाली किंवा फ्रिजशेजारी 'पॅन्ट्री' करतात आणि सगळी कोठी खणांत जाते. पण मिस्त्रीच्या डोक्यातला ड्रॉवर अजून चमच्यांचा, फार तर कपड्यांचा असतो.

आमच्या ड्रॉवरचा हिशोब बघा. बाहेरून ३६ इंच रुंद, २० इंच खोल. आतली मोकळी जागा साधारण ३४ बाय १९. दहा लिटरचा चौकोनी डबा सुमारे साडेआठ इंचांचा. म्हणजे रुंदीत चार, खोलीत दोन, असे आठ डबे अगदी मापात बसतात. दहा लिटरच्या डब्यात ज्वारी सात किलोच्या आसपास मावते. आठ डबे ज्वारीचे भरले तर धान्यच छप्पन्न किलो, डब्यांचं वजन वेगळं. ड्रॉवरला लावलेल्या टेलिस्कोपिक चॅनलची जोडी सहसा ३५ किंवा ४५ किलोची असते, आणि त्यात ड्रॉवरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. म्हणजे तळाच्या आधी चॅनलच हात टेकेल. जागा मावते म्हणून वजन मावतं असं नाही. हे मला डबे लावताना सुचलं नव्हतं, हेही कबूल करते.

तेव्हा पुढचा सगळा हिशोब अशा ड्रॉवरमध्ये ४० किलो आहे असं धरून करू. चार डबे ज्वारी-तांदळाचे, बाकी पोहे, रवा, डाळी, शेंगदाणे.

प्लाय म्हणजे लाकडाचा ताणाबाणा

सोलापूरकराला प्लाय समजावणं सोपं आहे. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा नसेल तर कापड होत नाही, नुसते धागे राहतात. लाकडाचंही तसंच. रेषांच्या दिशेनं लाकूड ताठ असतं, आडव्या दिशेनं ते सहज वाकतं आणि फुटतं. म्हणून लाकडाचे पातळ पापुद्रे सोलून एकाची रेष उभी, दुसऱ्याची आडवी असे डिंक लावून दाबतात. तोच प्लायवूड. पापुद्र्यांची संख्या जवळजवळ नेहमी विषम असते: तीन, पाच, सात. त्यामुळे वरच्या आणि खालच्या पापुद्र्याची रेष एकाच दिशेनं येते आणि ताव पिळत नाही.

यातून एक गोष्ट निघते. चार मिमीच्या प्लायमध्ये सहसा तीनच पापुद्रे असतात: दोन एका दिशेनं, एक दुसऱ्या. मग एका दिशेनं तो ताठ आणि दुसऱ्या दिशेनं लिबलिबीत. दुकानातून वीतभर तुकडा आणा आणि दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा, हाताला लगेच कळतं. जाडी वाढली, पापुद्रे वाढले की हा भेदभाव कमी होतो. शिवाय आतल्या एखाद्या पापुद्र्यात सांधा सुटून पोकळी राहिली असेल, तर तीन पापुद्र्यांच्या तावात ती फार महागात पडते. अठरा मिमीच्या तावात ती एवढी जाणवत नाही.

जाडी दीडपट केली तर ताठपणा किती वाढतो?

दीडपट, असं वाटतं. पण नाही. जवळजवळ साडेतीनपट वाढतो.

फळीचा ताठपणा, म्हणजे वजनाखाली न वाकण्याचा गुण, जाडीच्या घनाने वाढतो. जाडीला जाडीनं दोनदा गुणायचं. चारचा घन चौसष्ट, सहाचा दोनशे सोळा, नऊचा सातशे एकोणतीस, बाराचा सतराशे अठ्ठावीस. म्हणजे सहा मिमी हा चारपेक्षा ३.४ पट ताठ, नऊ मिमी पुन्हा सहापेक्षा तेवढाच पट, आणि बारा मिमी सहापेक्षा आठपट. चार आणि बारा यांची तुलना केली तर सत्तावीसपट. पैसे या प्रमाणात वाढत नाहीत, हे दुकानात भाव विचारला की कळेल.

आमच्या ३६ बाय २० च्या तळावर ४० किलो सारखे पसरले, प्लाय बरा आहे आणि चारी कडा खाचेत नीट टेकल्या आहेत असं धरून मी अंदाजे झोळ काढला. झोळ म्हणजे मध्यभागी तळ किती खाली येतो ते. चार मिमीला दीड-दोन सेंटीमीटर. सहा मिमीला अर्धा सेंटीमीटर किंवा थोडा जास्त. नऊ मिमीला दीड-दोन मिलिमीटर. बाराला एक मिमीच्याही आत. हे पहिल्या दिवसाचे आकडे. लाकडावर वजन महिनोन्‌महिने तसंच राहिलं की ते हळूहळू आणखी बसतं आणि झोळ दीडपट-दुप्पट होऊ शकतो. कपडे वाळत घालायची दोरी जशी पहिल्या दिवशी ताठ असते आणि दिवाळीपर्यंत पोट धरते, तसंच. कोठीचं वजन तर वर्षभर हलत नाही, त्यामुळे तळाला पोट येणारच. आमच्या ड्रॉवरखाली फट होती बारा मिमीची. खरखर कुठून आली हे वेगळं सांगायला नको.

याच घनामुळे छापील जाडी आणि खरी जाडी यांतला फरकही डोळे उघडे ठेवून पाहायला हवा. 'सहा' म्हणून दिलेला ताव ५.२ मिमी निघाला, तर ताठपणाचा तिसरा हिस्सा गेलाच म्हणून समजा. दुकानात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, मागायला लाजू नका. तावाच्या दोन-तीन ठिकाणी लावून पाहा.

"मग सहा मिमीचे दोन तुकडे एकावर एक टाकले तर?"

हा प्रश्न माझ्या दिरानं विचारला, आणि तो चांगला आहे. घरात तुकडे पडलेलेच असतात. नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो, आठपट नाही. दोनशे पानी वही दोन्ही हातांत धरून वाकवा. सहज वाकते, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. तीच वही पूर्ण डिंकात भिजवून, दाबून वाळवली तर ती फळी होते. तुकड्यांचंही तेच. अख्ख्या पृष्ठभागावर डिंक लावून, वजन ठेवून रात्रभर दाबले तरच ते बारा मिमीसारखे वागतात. चार कोपऱ्यांत चार खिळे मारून काही होत नाही.

वर सनमायका लावला तर? थोडा फायदा होतो, खास करून दोन्ही बाजूंनी लावला तर. पातळ तळाला एकाच बाजूनं लावला तर उन्हाळ्या-पावसाळ्यात ताव एका अंगाला वाकतो. पुसायला सोपा म्हणून लावा, वजनासाठी त्याच्यावर विसंबू नका.

खण किती रुंद, हे जुन्या माळवदाला विचारा

आपल्याकडे ड्रॉवरलाही खण म्हणतात आणि जुन्या घरात दोन तुळयांमधल्या जागेलाही खणच म्हणतात. अमुक खणांची खोली, तमुक खणांची ओसरी. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात खोली हवी तेवढी लांब असे, पण रुंदीला मर्यादा असे, कारण तुळई आखूड बाजूनं टाकायची. लाकूड भार नेतं ते जवळच्या टेकूपर्यंत.

ड्रॉवरच्या तळाचंही तेच. चारी बाजूंनी टेकलेला तळ मुख्यतः आखूड मापाच्या दिशेनं काम करतो. ३६ बाय २० च्या ड्रॉवरमध्ये आखूड माप आहे खोलीचं, २० इंच. म्हणून प्लायच्या वरच्या रेषा समोरून मागे जायला हव्यात. पण बहुतेक मिस्त्री त्या डावीकडून उजवीकडे ठेवतात, कारण ड्रॉवर उघडल्यावर लांब रेषा छान दिसतात. पातळ तळाला ही छान दिसणारी दिशा उलटी पडते.

"पण तसं कापलं तर ताव वाया जातो," असं उत्तर येतं. मी वहीत मांडून पाहिलं. आठ बाय चारच्या तावात रेषा आठ फुटांच्या दिशेनं असतात. आमच्या तळाचं माप ८८० बाय ५०० मिमी. रेषा लांब बाजूनं ठेवली तर तावातून चार तुकडे निघतात. आखूड बाजूनं ठेवली तरी चारच. उरलेल्या पट्ट्यांचा आकार तेवढा बदलतो. तुमच्या मापाला कदाचित वेगळं येईल, पण आधी मांडून पाहायला पाच मिनिटं लागतात.

आणि रुंदी? तोच २० इंच खोल ड्रॉवर १८ इंच रुंद असता तर चौरस फुटाला तेवढंच वजन ठेवूनही झोळ निम्म्याहून कमी आला असता. १८ बाय २० च्या ड्रॉवरमध्ये २० किलोला सहा मिमीचा तळ दोनेक मिलिमीटरच बसतो. एका रुंद ड्रॉवरऐवजी दोन अरुंद केले तर चॅनलची जोडी जास्त लागते हे खरं, पण धान्यासाठी मी आता तेच करीन.

तळ कडेला कशावर बसतो?

आमचा तळ मधे मोडला नव्हता. तो कडेला सुटला. जाडीच्या चर्चेत ही गोष्ट हमखास राहून जाते.

तळ बसवण्याचे दोन प्रकार दिसतात. एकात बाजूच्या फळ्यांना आतून खाच मारतात आणि तळ तीत सरकवतात. तळाखाली फळीचा ओठ राहतो आणि वजन त्या ओठावर बसतं. दुसऱ्यात चौकट उलटी करून तळ खालून ठोकतात. इथं वजन खिळ्यांना लोंबकळतं. ते खिळे प्लायच्या जाडीत, म्हणजे पापुद्र्यांच्या मधोमध गेलेले असतात, आणि तिथली पकड मुळातच कमी. वर्षभर ज्वारी ठेवली की खिळे हळूहळू बाहेर येतात. पॅन्ट्रीच्या ड्रॉवरला तळ खालून ठोकलेला असेल, तर तो बारा मिमीचा असला तरी मला चालणार नाही.

खाच असली तरी ती किती खोल आहे ते पाहा. तळाला झोळ आला की त्याच्या कडा आतल्या बाजूला ओढल्या जातात. चारच मिमी खोल खाच असेल, वर तळ कापताना दोन-तीन मिमी आखूड झाला असेल, तर कडेला टेकू राहतो मिमी-दोन मिमीचा. आमचं नेमकं हेच झालं होतं. अठरा मिमीच्या फळीला आठ मिमी खोल खाच आणि तिच्याखाली किमान दहा-बारा मिमीचा ओठ, एवढं सांगून करून घ्या. मागच्या बाजूला तळ बऱ्याचदा खाचेत नसतो, मागच्या फळीखाली सरकवून स्क्रू मारलेले असतात. तिथं एक-दोन स्क्रूवर भागवू देऊ नका, दर सहा इंचांवर एक तरी हवा.

जाड तळाला रुंद खाच मारली तर फळी कमजोर होईल अशी भीती असेल, तर बारा मिमीच्या तळाची फक्त कड सहा मिमीपर्यंत रंधून पातळ करता येते. वाकण्याचा सगळा ताण मधे असतो, कडेला तळ फक्त टेकायचा असतो, त्यामुळे यात काही बिघडत नाही.

"आयएसआय मार्क आहे, वॉटरप्रूफ आहे, मग अजून काय हवं?"

प्लायवर आयएसआय चिन्ह २०२५ पासून सक्तीचं झालं, तेव्हापासून हे वाक्य जास्त ऐकू येतं. सक्ती चांगलीच आहे. पण ते चिन्ह काय सांगतं आणि काय नाही, हे नीट कळायला हवं.

आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक. त्यात दमट हवा सोसणारा एमआर, ज्याला दुकानात 'कमर्शियल' म्हणतात, आणि उकळतं पाणी सोसणारा बीडब्ल्यूआर, असे दर्जे ठरलेले आहेत. आयएस ७१० म्हणजे मरीन. त्याचे नमुने ७२ तास उकळून तपासतात. ही सगळी परीक्षा मुख्यतः डिंकाची आहे: पाण्यानं पापुद्रे सुटतात का. तळ किती वाकेल हे त्यातून कळत नाही. चार मिमीचा मरीन प्लाय पाण्यात सुटणार नाही, पण डब्यांखाली झोळ धरेलच. रेनकोट घातला म्हणून पोतं उचलायची ताकद येत नाही.

मग सोलापूरच्या कोरड्या हवेत कोठीच्या ड्रॉवरला कमर्शियल चालेल का? सिंकपासून दूर असेल तर चालतो. पण डबे धुऊन ओलेच परत ठेवणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं, आणि तळाला प्लाय लागतोच किती? मी बीडब्ल्यूआर घेतला. शिक्क्याबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएस केअर अॅपवर टाकून पाहता येतो. पाहा, कारण शिक्का मारायला रबर स्वस्त असतं.

"जाड तळानं ड्रॉवरच जड होईल की!"

होईल, दोन किलोनं. ८८० बाय ५०० चा सहा मिमीचा तळ साधारण पावणेदोन-दोन किलोचा, बारा मिमीचा पावणेचार. चाळीस किलोच्या गोष्टीत हे दोन किलो म्हणजे दोन पिशव्या साखर. चॅनलला खरा त्रास पोट आलेल्या तळाचा होतो. बाजूच्या फळ्या आत ओढल्या गेल्या की चॅनल समांतर राहत नाही आणि ड्रॉवर अडकायला लागतो.

आतली उंची कमी होते ही तक्रार मात्र खरी. सहाचा बारा केला की सहा मिमी गेले. डबा आधीच घासून बसत असेल तर हे आधी मोजा.

मग कुठं किती?

चमचे, उलथणी, नॅपकिन, मसाल्याच्या छोट्या बरण्या, १८ इंचांपर्यंत रुंदी: सहा मिमी भरपूर. तेवढ्याच रुंदीत डाळी-साखरेचे डबे, वीसेक किलो: सहा चालतो, नऊ घेतला तर पुन्हा विचार करावा लागत नाही. २४ इंचांच्या वर रुंदी आणि धान्य: नऊ. ३० ते ३६ इंच आणि चाळीसच्या घरात वजन: बारा, किंवा मधे पट्टी देऊन नऊ. तेलाचा १५ किलोचा डबा, मिक्सर, लोखंडी खलबत्ता अशी एकाच जागी बसणारी जड वस्तू असेल तर एक पायरी वर जा, कारण वरचे हिशोब वजन पसरलेलं धरून केले आहेत. अठरा मिमीचा तळ घालणारेही भेटतात. त्याची गरज नसते, नुसती उंची खातो.

चार मिमी कपाटाच्या पाठीला लावा. ड्रॉवरच्या तळाला नको.

ड्रॉवर आधीच बनलेला असेल तर

तळ सहा मिमीचा असेल आणि थोडासाच बसला असेल, तर बदलायची गरज नाही. ड्रॉवर काढून उलटा करा. खाली तोंड करून सपाट जमिनीवर ठेवला आणि वरून, तळाच्या मधे, विटा किंवा पुस्तकं रचून वजन दिलं की पोट बरंच सरळ होतं. मग बारा मिमी प्लायच्या उरलेल्या तुकड्यातून दोन इंच रुंद पट्टी कापून, भरपूर डिंक लावून, समोरून मागे अशी तळाच्या बरोबर मधे स्क्रूनं आवळा. स्क्रूची लांबी मोजून घ्या, नाहीतर टोक आत येतं आणि हाताला लागतं. ३६ इंचांच्या ड्रॉवरला एकाऐवजी दोन पट्ट्या बऱ्या. पट्टीची दोन्ही टोकं पुढच्या आणि मागच्या फळीपर्यंत पोचायला हवीत. अर्ध्यात संपलेली पट्टी शोभेची. आणि खालच्या बाजूला तेवढी फट आहे ना, ते आधी पाहा. आमच्याकडे होती जेमतेम बारा मिमी, म्हणजे पट्टी घातली असती तर घासत बसली असती.

म्हणून आमचा तळच बदलावा लागला. मिस्त्रींनी चौकटीचे स्क्रू सोडले, ट्रिमरनं खाच चारवरून नऊ मिमी रुंद आणि आठ खोल केली, मागे सहा स्क्रू मारले. रेषा समोरून मागे ठेवायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "दिसणार नाय बरं चांगलं." नऊ घातला, कारण बारासाठी खालचा ओठ उरत नव्हता. ज्वारीचे चार डबे तिथंच ठेवले, उरलेले चार दुसरीकडे हलवले आणि पोहे-चुरमुरे त्यांच्या जागी आले. अर्ध्या दुपारचं काम झालं. जाताना जुना चार मिमीचा तळ ते घेऊन निघाले होते, सासूबाईंनी ठेवून घेतला. गच्चीत सांडगे घालायला त्याच्यावर प्लास्टिक अंथरलं की बरं पडतं म्हणाल्या.